बरोबरीची गोटी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "डॉक्टर, तुमच्या व्यवसायातलं काहीतरी लिहा. हलकंफुलकं." मी विषय सांगितला.  पलीकडे ते खाकरले. "अंक घरातले सगळे वाचतात हो." मी म्हटलं, घरातल्या निम्म्या माणसांच्या अंगाचाच विषय आहे आणि उरलेल्या निम्म्यांच्या काळजीचा. त्यांनी होकार दिला, पण देताना 'जपून' हा शब्द दोनदा वापरला. तेव्हा जपून लिहितो. तरी कुणाला अवघडल्यासारखं झालं तर आधीच माफी मागून ठेवतो.

आधीच माफी मागून ठेवणं ही माझी जुनी खोड आहे. इंजेक्शन देण्याआधी मी 'सॉरी' म्हणतो. पेशंटला बाकावर थांबावं लागलं तर सॉरी, लवकर आत बोलावलं तर बाहेर बसलेल्यांना सॉरी. माझी बायको माधवी भूलतज्ज्ञ आहे. आम्ही मेडिकलला एका वर्गात होतो, त्यामुळे ती मला अहो-जाहो करत नाही आणि माझं काही खपवूनही घेत नाही. ती म्हणते, "तू माफी मागायला लागलास की टेबलावरच्या माणसाचं बीपी चढतं. त्याला वाटतं, याच्या हातून आता काहीतरी होणार आहे."

मी यवतमाळात मूत्रविकारांचा सर्जन आहे. मुतखडा आणि प्रोस्टेट या दोन गोष्टींवर आमचं घर चालतं. पण अधूनमधून, वर्षाकाठी थोड्याच वेळा, एक वेगळंच काम येतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याच कामाची जास्त आठवण राहते. ते काम म्हणजे नकली वृषण बसवणं.

आमच्याकडे दवाखान्यात वृषण कुणी म्हणत नाही. गोटी म्हणतात. मीही तेच म्हणतो. पुरुषाला दोन असतात आणि कधी कधी त्यातली एक जाते. कुणाची जन्मापासून खाली उतरलेलीच नसते, कुणाच्या गोटीत गाठ निघते, कुणाला मार बसतो. कुणाच्या गोटीला आतल्या आत पीळ पडतो, रक्त थांबतं आणि काही तासांत ती निकामी होते. उरलेली एक सगळं काम करते. मुलंबाळं, दाढीमिशी, आवाज, जोर, कशातच काही कमी पडत नाही. हे मी समोरच्याला नेहमी मनापासून सांगतो. समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, "ते ठीक हाय साहेब. पण दुसरी बसवून भेटते काय?"

मिळते. ती सिलिकॉनची असते. उकडून सोललेलं अंडं अगदी लहान असतं तर जसं लागलं असतं, साधारण तशी हाताला लागते. ती काहीही करत नाही. फक्त जागेवर असते. जांघेत छोटी चीर देऊन ती पिशवीत खाली उतरवायची आणि वर सरकू नये म्हणून तळाशी एका टाक्यानं अडकवायची. शस्त्रक्रिया फार मोठी नाही. अवघड काय आहे, तर माप.

तयार गोट्या ठरावीक मापांत येतात. लहान, मध्यम, मोठी, त्याहून मोठी. आता जी शाबूत आहे तिच्या बरोबरीची निवडायची, यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. पण शाबूत असलेली कातडीच्या आत आहे, तिच्यामागे बारीक नळ्यांचं एक गाठोडं आहे, आणि मोजताना हे सगळं चिमटीत येतं. म्हणजे माप नेहमी थोडं जास्तच भरतं. त्यातून काही वजा करावं लागतं. किती, ते अनुभवानं कळतं. दुसरं म्हणजे जी बाजू वर्षानुवर्षं रिकामी राहिली, तिकडची पिशवी आकसलेली असते. तिथे मोठी कोंबली तर कातडी ताणून पांढरी पडते, गोटी वर चढून बसते, आणि फारच वाईट झालं तर कातडीतून बाहेर यायला पाहते. म्हणून नियम असा: बरोबरीची, नाहीतर किंचित लहान. मोठी कधीच नाही.

आणि तिसरी अडचण म्हणजे गिऱ्हाईक. आजवर माझ्याकडे आलेल्या माणसांपैकी एकानंच आपणहून लहान मागितली. ते निवृत्त मुख्याध्यापक होते. आजारामुळे त्यांच्या दोन्ही काढाव्या लागल्या होत्या. मी नमुने समोर ठेवले. त्यांनी एकेक तळहातावर घेऊन तोलून पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मध्यम नको. माझ्या वयाला शोभेल असं द्या." बाकी सगळे, अगदी सगळे, मोठ्या नमुन्याकडेच हात नेतात.

सलीमनंही तेच केलं. ही गोष्ट त्याचीच आहे. त्याची परवानगी घेऊन लिहितोय. नाव बदलतो म्हटलं तर म्हणाला, "सलीम लिवा. आर्णीत सलीम लय हायत, कोणाले पत्ता लागत नाही." त्याचं आर्णीला मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. वय तिशीच्या आसपास, हात काळे, बोलणं धडाधड.

जानेवारीतल्या एका कडक थंडीच्या सकाळी तो आईला घेऊन आला. आई पुढे आणि तो मागे. आई खुर्चीत बसली, सलीम उभाच राहिला आणि भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र फार लक्ष देऊन पाहू लागला. तेवढ्यात आईची नजर माझ्या टेबलाशेजारच्या खिळ्याकडे गेली. तिथे एक माळ लटकवलेली असते.

"डॉक्टरसाहेब, तुमच्यात बी जपाची तसबीह असते काय?" त्यांनी आदरानं विचारलं.

ती आमच्या कामाची माळ आहे. अंड्याच्या आकाराचे लाकडी मणी, अगदी बारक्यापासून चांगल्या मोठ्यापर्यंत, चढत्या क्रमानं ओवलेले. पेशंटची गोटी एका हातानं चाचपायची आणि दुसऱ्या हातानं माळेतला तिच्याशी जुळणारा मणी शोधायचा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. हे एका आईला कसं सांगावं या विचारात मी असतानाच त्यांनी माळ खिळ्यावरून काढून हातात घेतली आणि बोटांनी मणी सरकवून पाहिले.

"लहान-मोठे मणी काहून हायत?"

"ते... मापाचे आहेत," मी म्हटलं. "सॉरी."

"कायच्या मापाचे?"

सलीम चित्राकडे पाहतच ओरडला, "अम्मी, ठेव ते!"

त्यांना एकदम उलगडा झाला. त्यांनी माळ टेबलावर ठेवली, ओढणी तोंडाशी धरली, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळ त्यांचे खांदे हलत राहिले. मग सलीमही हसला. पुढचं सगळं बोलणं त्या हसण्यामुळे सोपं झालं.

सलीम चौदा वर्षांचा असताना पहाटे त्याच्या डाव्या गोटीत कळ उठली. त्याला लाज वाटली. त्यानं आईला सांगितलं की पोट दुखतं. आईनं ओवा दिला, मग पोटाला शेक दिला. दुसऱ्या दिवशी सूज इतकी वाढली की लपवता येईना, तेव्हा दवाखाना गाठला. तोवर पीळ पडून गोटी मेली होती. ती काढून टाकावी लागली. हे घडलं तेव्हा मी यवतमाळात नव्हतोही. तरी त्या सांगत होत्या तेव्हा मला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

"मी ओवा देत राह्यली साहेब," त्या म्हणाल्या. "अजून ओव्याचा वास आला तं मले मळमळते."

"तुमची काही चूक नाही," मी म्हटलं. "पोरानं सांगितलंच नाही तर तुम्हाला कसं कळणार? आम्ही डॉक्टर लोकांनीच शाळांमधून सांगायला पाहिजे होतं."

"नाही साहेब, तुमची काय चूक?"

"आहे ना, आमचीच आहे."

"अरे, तुमी दोघं थांबता काय?" सलीम म्हणाला. "गोटी माही गेली."

(वाचणाऱ्यांत कुणी आईबाप असतील तर एवढं सांगतो. मुलाला तिथे अचानक जोराची कळ उठली तर सकाळची वाट पाहू नका. आणि मुलांनो, पोट दुखतं म्हणू नका. जिथे दुखतं ते सांगा.)

सलीमचं लग्न ठरलं होतं. मुलगी नेरची, नाव नाझिया, बी.ए. झालेली. याआधी दोन चांगली स्थळं त्यानं काहीतरी खोड काढून नाकारली होती, आणि खरं कारण फक्त आईला माहीत होतं. लग्न मे महिन्यात होतं. त्याआधी त्याला दुसरी गोटी हवी होती आणि गोष्ट कायमची मिटवायची होती.

मी माझं नेहमीचं सांगितलं. एक पुरते, काही कमी नाही. त्यानं ऐकून घेतलं.

"साहेब, गाडीले दोन आरसे असतात," तो म्हणाला. "एक तुटला तं गाडी चालते. मायलेज कमी होत नाही. पण जो पाह्यते तो तुटलेलाच आरसा पाह्यते. मी सोताच रोज तोच पाह्यतो."

मी स्वतःशी बरेच दिवस वाद घालत होतो, की ज्या जिल्ह्यात इतके आजार आहेत तिथे मी दिसण्यापुरत्या गोष्टीत वेळ घालवणं बरोबर आहे का. सलीमच्या आरशानंतर तो वाद मी बंद केला. म्हणजे, बराच कमी केला.

आईंना बाहेर बसवलं आणि नमुने काढले. सलीमनं सरळ सगळ्यात मोठा उचलला.

"ही."

"ही तुझ्या शाबूत गोटीपेक्षा बरीच मोठी आहे."

"साहेब, जुन्या इंजनात नवा पिस्टन टाकतात तो ओव्हरसाइजच असते. घासून घासून जागा मोठी होते."

"इथे उलटं आहे. जागा वापरलीच नाही, म्हणून ती लहान झाली आहे."

हे त्याला पटलं नाही, पण मी जाडी मोजायचा व्हर्नियर काढला तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "अबे! हे तं आमचं हत्यार! तुमी बी हेच वापरता?" माझ्याबद्दलचा त्याचा आदर त्या क्षणी दुप्पट झाला. मी मोजताना तो मान वाकवून आकडा बरोबर वाचतोय की नाही ते पाहत होता.

आता यात एक गोष्ट आहे. थंडीत कातडी आक्रसते, जाड होते, सगळं वर ओढलं जातं. माप जास्त भरतं. यवतमाळच्या मे महिन्यात घेतलेलं माप खरं, जानेवारीच्या सकाळचं खोटं. म्हणून मोजण्याआधी मी खोलीत हीटर लावतो. त्या दिवशी वीज गेलेली होती, बाकावर गर्दी होती, आणि सलीमला थंडीत तसं ताटकळत ठेवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी हीटरविनाच मोजलं. मध्यम आणि मोठी यांच्या मधलं काहीतरी आलं. मी म्हटलं, मध्यम. सलीम म्हणाला, मोठी. शेवटी ठरलं की दोन्ही मागवू आणि टेबलावर जी बसेल ती बसवू.

खरा वाद पुढे झाला. उठता उठता तो म्हणाला, "साहेब, हे बसवलं की कोणालेच कळत नाही ना? म्हंजे... तिले बी?"

मी खोटं बोलू शकलो नाही. बघून कळणार नाही, असं सांगितलं. पण खरीपेक्षा ही थोडी टणक असते. हाताला कळू शकतं. "आणि सलीम, कळो न कळो, तू तिला आधी सांग."

"काहून?"

"आयुष्यभर लपवत बसशील. मग ती गोटी तुला गोटी वाटणार नाही, चोरीचा माल वाटेल."

"अन तिनं लग्नच मोडलं तं? नेरात, आर्णीत, सगळीकडे बोभाटा होईन. तुमी येसान काय माह्यासाठी पोरगी पाह्याले?"

 मी सॉरी म्हणालो. तो दार ओढून घेऊन गेला.

नागपूरच्या विक्रेत्याला मी तीन डबे सांगितले. मध्यम, मोठी आणि लहानसुद्धा. न उघडलेले डबे तो परत घेतो, पण दर वेळी कुरकुरतो. पूर्वी एकदा माप जुळलं नाही म्हणून एका पेशंटला परत पाठवावं लागलं होतं. तेव्हापासून जास्तीचा एक डबा मागवल्याशिवाय मला झोप लागत नाही. माधवीनं डबे पाहिले. "लग्नाच्या साड्या पसंतीला आणल्यासारखे काय आणतोस रे? लहान कशाला?"

"असू दे. मला जरा अपराधी वाटतंय."

"कशाबद्दल?"

"अजून ठरलं नाही."

शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली. कमरेतून भूल दिली होती, म्हणजे सलीम कमरेखाली बधिर आणि वर पूर्ण जागा. सांगायची गरज नाही, पण तो गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हता. मधे हिरवा पडदा. पडद्याच्या त्या बाजूला त्याचं डोकं आणि माधवी, या बाजूला मी.

कमरेतून भूल चढली की खालचं अंग उबदार होतं, कातडी सैल पडते. मी सवयीनं उजवी गोटी पुन्हा मोजली. पुन्हा एकदा मोजली. जानेवारीत जे आलं होतं त्यापेक्षा एक नंबर कमी.

मी काही बोललो नाही, पण माधवी माझ्या गप्प बसण्याचे प्रकार ओळखते. "काय झालं?"

"काही नाही."

"साहेब, टाइट बसते का लूज?" पडद्यामागून सलीम.

"अजून बसवलीच नाही."

मध्यम मापाचा नमुना, जो फक्त अंदाज घेण्यासाठी असतो, मी डाव्या पिशवीत उतरवून पाहिला. कातडी ताणली गेली आणि मध्यभागी पांढरट झाली. तो काढला. लहान नमुना घातला. तो आत गेला आणि जसा काही सोळा वर्षांपूर्वीच तिथे ठेवला होता तसा बसला. कातडी गुलाबी. उजवीच्या शेजारी डावी, बरोबरीनं.

आता पडदा होता म्हणून काय झालं, सांगावं तर लागणारच होतं.

"सलीम," मी म्हटलं, "माझं माप चुकलं होतं. थंडीत घेतलं होतं ना. सॉरी. मध्यम बसत नाही. लहान बसते. अगदी बरोबर बसते."

पडद्यामागे मॉनिटरची टिकटिक जलद झाली. माधवीनं माझ्याकडे 'मी म्हटलं नव्हतं?' असं पाहिलं.

"छोटी?" सलीम म्हणाला. त्याच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. "साहेब, मी मोठी मांगतली, तुमी मध्यमवर आणलं, अन आता छोटी? उद्या म्हणसान, राहूच द्या."

"मध्यम घुसवता येईल. पण ती ताणून बसेल, वर चढेल, आणि दोघांत फरक दिसेल. लहान घातली तर दिसणार नाही. तू सांगशील ते करतो."

"अन तुमाले काय वाटते?"

"लहान."

तेव्हा माधवीनं एक चांगली गोष्ट केली. ओपीडीतले नमुने तिनं आधीच आणून ठेवले होते. त्यातला लहान तिनं त्याच्या हातात दिला. "डोळे मिट आणि हातानं बघ. कोणती आहे सांग."

सलीमनं बराच वेळ बोटं फिरवली. नटाचा नंबर बोटानं ओळखणारा माणूस तो.

"हे मध्यम हाय."

"ही लहान आहे," माधवी म्हणाली.

"काय सांगता? लहान वाटत नाही जी." तो थांबला. "थंड्या इंजनावर ट्यूनिंग केली असन साहेबांनी. मंग गाडी चौकातच बंद पडते. गरम झाल्यावरच आकडा खरा येते."

"तेच झालं," मी म्हटलं.

"तं बसवा. पण साहेब, छोटी म्हणू नका. दुसरं काही नाव द्या."

"स्टँडर्ड म्हणू?" माधवी.

"कंपनी फिटिंग म्हणा."

मदतीला असलेल्या सिस्टर हसल्या, मीही हसलो. जास्तीचा डबा उघडला. विक्रेत्याला त्या महिन्यात दोन डबे परत गेले आणि मला पहिल्यांदाच आपल्या अपराधी स्वभावाचा थोडा अभिमान वाटला.

टाके काढायला तो आला तेव्हा सगळं छान होतं. किकस्टार्ट मारायची नाही, जड उचलायचं नाही, घट्ट चड्डी घालायची, हे सांगितलं. गॅरेजात त्यानं हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलं होतं. जांघेतली चीर त्याच जागेला असते, त्यामुळे ही थाप आमच्या धंद्यात पिढीजात आहे. मला ती आवडत नाही, पण मी कुणाला अडवतही नाही. जाताना मात्र मी पुन्हा म्हटलं, "नाझियाला सांगितलंस?"

"साहेब, तुमी तं मांगंच लागले."

"सॉरी."

"पाह्यतो," तो म्हणाला.

त्यानंतर तो महिनाभरानं यायचा होता. आला नाही. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, तेव्हा बंद. एप्रिल संपत आला. आता माझ्यासारख्या माणसाचं काय होतं ते तुम्ही ओळखलं असेल. मला खात्री पटली की त्यानं माझं ऐकून मुलीला सांगितलं आणि लग्न मोडलं. ज्या गोष्टीसाठी तो माझ्याकडे आला होता, नेमकी तीच मी मोडली. गोटी बसवली आणि संसार काढून घेतला. माधवी म्हणाली, "फोन खराब झाला असेल." मी म्हटलं, तो मेकॅनिक आहे. ती म्हणाली, "मोटरसायकलचा."

शेवटी एका रविवारी दिग्रसकडे तपासणी शिबिर होतं, तेव्हा जाताना आर्णीत गाडी थांबवली. बसस्टँडजवळ त्याचं गॅरेज शोधलं. शटर बंद. भर दुपारी, भर मोसमात. उन्हात उभ्या असलेल्या एका मोटरसायकलच्या सीटवर कुत्रं झोपलं होतं. मला वाटलं, झालं.

शेजारी पानटपरी होती. टपरीवाल्याला विचारलं, "सलीम कुठे आहे?"

"तुमी कोण?"

मी डॉक्टर म्हणणार होतो, पण जीभ आवरली. "गाडी दाखवायची होती."

"मंग दुसरीकडे दाखवा. सलीमभाऊ आता काही गवसत नाही. लग्न हाय त्याचं. नेरले गेला हाय कालपासून, खरेदी का काय ते. फोन बी इहिरीत पाडला येड्यानं, पोहाले गेलता अन खिशातच." टपरीवाला हसला. "इतके वर्सं आमच्यासंगं कधी इहिरीवर आला नाही बॉ. या साली मात्र रोज उड्या मारून राह्यला."

मी पान खात नाही. त्या दिवशी दोन घेतली. एक गाडीतच खाल्लं आणि दुसरं माधवीला नेलं.

जूनच्या शेवटी सलीम आला. या वेळी आई नव्हती. सोबत नाझिया होती, चष्मा लावलेली, शांत, आणि हातात पेढ्यांचा डबा. माधवी तिला चहाला आत घेऊन गेली. मी सलीमला तपासलं. जखमेची रेषा सापडायला मला स्वतःला चष्मा पुसावा लागला. सगळं जागेवर, सारखं, सैल. मे-जूनचं खरं माप.

"सांगितलंस तिला?"

"सांगतलं जी. लग्नाच्या आधीच. तिच्या घरच्या गच्चीवर, सगळे खाली जेवून राह्यलते तवा." तो पट्टा लावता लावता थांबला. "मले वाटलं आता ही खाली जाईन अन बापाले सांगीन. मी पायऱ्यांकडेच पाहून राह्यलतो."

"मग?"

"तिनं एकच इचारलं. दुखते काय म्हणे."

 त्यानं पट्ट्याचं बक्कल लावलं. मग म्हणाला, "मी म्हटलं, आता नाही."

ते दोघं गेल्यावर माधवी आतून आली. तिनं पेढा तोंडात टाकला आणि खुर्चीत बसून एकटीच हसायला लागली.

"काय झालं?"

"नाझियानं मला एक विचारलं. अगदी माझ्या कानाशी येऊन. म्हणाली, मॅडम, एक नकली आहे हे यांनी सांगितलं, पण कोणती ते सांगत नाहीत. म्हणतात, ओळख. आमची पैज लागली आहे."

"बापरे! मग तू काय सांगितलंस?"

"पेशंटची गोष्ट आम्ही कुणाला सांगत नाही, असं सांगितलं. पण तिनं तिचं उत्तर मला सांगून टाकलं. म्हणाली, मला पक्कं माहीत आहे, उजवी."

मी माझ्या कामाबद्दल आजवर बरंच चांगलं ऐकलं आहे. मुतखडा निघालेली माणसं पाया पडतात. पण असं प्रशस्तिपत्र मला कुणी दिलं नव्हतं आणि यापुढे कुणी देईल असं वाटत नाही. त्या दिवशी उरलेले सगळे पेशंट मी हसत तपासले आणि एकदाही सॉरी म्हटलं नाही. माधवीनं तसं मला संध्याकाळी सांगितलं.

फक्त घरी जाताना, सवयीनंच, मला त्या उजवीचं वाईट वाटायला लागलं. चौदाव्या वर्षापासून तिनं एकटीनं सगळा कारभार सांभाळला, कुठे काही कमी पडू दिलं नाही, आणि शेवटी नकली ठरली तीच. तिची मी इथे जाहीर माफी मागतो.